झुल्याच्या बाजूची
फोन लागताच दूरदेशच्या सँतियागोहून विल्मर ओरडला, "आई, अमेरिकेची लढाऊ जहाजं आलीत! हुकूमशहा गेला की मी घरी, माराकाइबोत!" सात वर्षांत पोराला घर दिसलं नव्हतं. ओमायरानं तव्यावरची मक्याची अरेपा उलटली. "त्या मेल्याला मीही रोज शिव्या घालते. पण बॉम्ब काय त्याचा पत्ता विचारत येणार?" "मतं देऊन गेला का तो? मोर्च्यांनी गेला? तू त्याच्याच बाजूची!" "गाढवा, मी तुझ्या झुल्याच्या बाजूची." ओसरीत पत्र्याखाली त्याचा झोपायचा झुला अजून टांगलेला होता. पत्रेच उडाले तर पोर परतून झोपणार कुठं? एरवी फोनवर त्याचा पहिला शब्द 'आशीर्वाद' असायचा. आज जहाजांच्या नादात तोच राहिला. ओमायरानं फोन ठेवला नाही. "आशीर्वाद, आई," तो पुटपुटला. "देव तुझं भलं करो. ये, पण जहाजांमागून नको, गेलास तसा बसनं."