वेणीवरचा ठपका

“सदर कर्मचारी महिलेने केसांतील स्थिर विद्युत घालवण्याबाबत अक्षम्य निष्काळजीपणा दाखवला. परिणामी नवजात बालकांच्या काचपेट्यांसाठी तयार केलेले साठ सर्किट बोर्ड तिच्या हाताखाली निकामी झाले.”

चौकशी अहवालाच्या अकराव्या पानावरचं हे वाक्य. खाली दोन सह्या, एक शिक्का आणि सोबत एका केसाचा शंभरपट मोठा केलेला फोटो. विद्वत्तेत काही कसूर नव्हती. कसूर होती ती एवढीच, की सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही त्या बाईला काम करताना पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर ‘निष्काळजीपणा’ लिहिताना त्यांचं पेन नक्की अडखळलं असतं.

कारखान्यात तिला सगळे वेणी म्हणत. तिची वेणी कमरेखाली रुळायची, टोपीत मावायची नाही. ती शेवटच्या टेबलावर बसे. तयार बोर्ड भिंगाखाली धरायचा, डाख तपासायचे, ब्रशने पुसायचा आणि चाचणीला पाठवायचा. त्या टेबलाचं काम येणारी दुसरी बाई बाळंतपणाला गेलेली. त्यामुळे साठांची अख्खी बॅच एकट्या वेणीच्या हातून जायची होती.

कोरड्या हवेत केसांत साठलेली वीज माणसाला नुसता चटका देते. बोर्डावरच्या चिपचा मात्र ती जीव घेते. वेणीला हे कुणी शिकवायला नको होतं. ती रोज पहाटे केस धुवायची आणि शेवटची बट खडखडीत वाळेपर्यंत घर सोडायची नाही. ओल्या केसांनी कामावर येण्यास बंदी होती आणि ती नियम पाळणारी बाई होती. पर्समध्ये तीन कंगवे असत. प्रत्येक सुट्टीत ती आरशासमोर उभी राहून विंचरायची, मोजून शंभर वेळा. टेबलावर बसण्याआधी भिंतीवरच्या आर्द्रतेच्या काट्याकडे दोनदा पाही. यापरती काळजी ती काय असते?

तिच्या थोरल्या बहिणीचं केस कापायचं दुकान होतं. अठ्ठेचाळीस बोर्ड मेले त्या संध्याकाळी वेणी तिथे जाऊन बसली. बहिणीने डोक्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“अगं, हे डोकं आहे की विजेचा खांब?”

“ताई, खूप होतंय का?”

“खूप? दिवा लावशील यावर! रोज धुतेस, तेलाचं बोट नाही. झाडू होईल केसांचा. तेल लाव, आणि तो प्लॅस्टिकचा कंगवा आधी फेकून दे.”

“तेलाचा डाग पडतो बोर्डावर.”

“मग ही लाकडी फणी घे. आणि ही बाटली, दोन थेंब चोळायचे, केस गप्प बसतात.”

वेणीने दोन्ही वस्तू घरी नेऊन कपाटात जपून ठेवल्या. वस्तूंची नासाडी करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

निघताना ताईने कात्री उचलली होती. “नाहीतर बस खुर्चीत. कापूनच टाकते. नोकरीपेक्षा केस मोठे नाहीत.”

वेणीने दोन्ही हातांनी शेपटा छातीशी धरला. “शनिवारनंतर.”

“शनिवारी काय मुहूर्त आहे?”

“बारा राहिलेत, ताई.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त वाचायचा कंटाळा होता.

“तुझे तीन अर्ज आधीच माझ्या उरावर बसलेत, त्यात हे! अर्ज लिहायला वेळ आहे आणि केस सांभाळायला नाही?”

“साहेब, अर्ज वाचलेत का?”

“वाचायला ते काय पुराण आहे? चाचणीत पास होतोय ना बोर्ड? मग झालं!”

“आता तर होत नाहीत, साहेब.”

“तेच तर मी म्हणतोय! उद्यापासून पॅकिंगला जा.”

वेणी जागची हलली नाही.

“एवढी बॅच हातावेगळी करू द्या. मग पॅकिंग म्हणा, नाहीतर घरी बस म्हणा. अर्धवट टाकून कशी जाऊ?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसरं माणूस शिकवायचं म्हणजे डोक्याला ताप. “शनिवारपर्यंत. आणि ते केस बघ जरा.”

त्या बारा बोर्डांच्या विचाराने तिला घास उतरेना. शुक्रवारी आभाळ भरून आलं, तेव्हा ती दिवसभर खिडकीकडे पाहत राहिली. पाऊस काही आला नाही. शनिवारी शेवटचा बोर्ड चाचणीला गेला. तोही मेलेलाच निघाला. वेणीने टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली आणि पंधरवड्यात पहिल्यांदा डबा पूर्ण संपवला.

समितीपुढे बोलावणं आलं ते बुधवारी. अध्यक्ष वडीलधाऱ्या सुरात म्हणाले, “सही कर, बाई. निष्काळजीपणाला नुसती ताकीद असते. दोन महिन्यांनी पुन्हा तुझं टेबल तुला.”

तिने अकरावं पान दोनदा वाचलं.

“हे खरं नाही.”

“मग खरं काय ते लिही. खाली जागा आहे.”

जागा चार ओळींची होती. ती समासातही लिहीत गेली. तिचा जबाब जसाच्या तसा असा:

“निष्काळजीपणाचा आरोप मला मान्य नाही. चाचणी तीन मिनिटांची असते. पेटी सहा तास तापली की या बोर्डावरचा धोक्याचा भोंगा वाजत नाही. मी करून पाहिलं, तीन वेळा लिहून दिलं. मेलेला बोर्ड चाचणीत अडतो. आजारी बोर्ड पास होतो आणि बाळाच्या उशाशी जाऊन बसतो. म्हणून मी केस रोज धुतले, वाळवले, प्लॅस्टिकच्या कंगव्याने विंचरले आणि वेणीचं टोक एकेका बोर्डावरून फिरवलं. साठच्या साठ. एकही सुटू दिला नाही.”