वजिराचा गोपनीय अहवाल

"सत्ता जाते, सचोटी मात्र चार हजार वर्षं टिकते," इजिप्तच्या एका वजिराच्या थडग्यात उभा राहून टीव्हीवरचा निवेदक गंभीरपणे म्हणाला. थडग्याच्या भिंतीवर कोरलं होतं, 'मी भुकेल्याला भाकर दिली, कुणाचा छदामही घेतला नाही.'

नाशिक रोडच्या आपल्या घरात बसलेल्या निवृत्त नायब तहसीलदार केरूनाना बोरस्तेंची खारी चहात विरघळली. छत्तीस वर्षं असलेच मजकूर वाचून त्यांचं नाक तयार झालं होतं.

"ही गोपनीय अहवालाची भाषा आहे," ते म्हणाले. "गड्याने जिवंतपणी स्वतःच लिहून ठेवलंय. खाली वरिष्ठांची सही दिसतेय का कुठं?"

"आता मेलेल्याचीही चौकशी लावा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "अहो, परवा तुमची बायपास आहे. जरा देवाचं नाव घ्या."

नानांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढून बायकोपुढे सरकवला. वर ठळक मथळा होता, 'गोरगरिबांचा आधारवड हरपला.'



"काही झालंच तर पेपरात द्यावं लागेल," नाना हळूच म्हणाले. "तेवढं तुझ्या अक्षरात उतरवून ठेव."