दिवसभराचं बुकिंग

"दोन तास पुष्कळ झाले, आई. गाणं तीन मिनिटांचं आहे," वर्ना म्हणाली.

"सबंध दिवस," ओला मे म्हणाली.

स्टुडिओवाला वेंडेल दोघींकडे आळीपाळीने बघत होता. "मिस ओला, उगाच खर्चात पडू नका. तुमच्या मुलांना काचेच्या वेगवेगळ्या खोल्यांत उभं करतो, आवाज मागून जोडतो. एकमेकांचं तोंडही बघायला नको."

"आमच्या घरात एकाच माइकसमोर गातात. खांद्याला खांदा लावून," म्हातारी म्हणाली. "सबंध शनिवार लिही. वर्ना, तू गाडी काढ, मी आलेच."

वर्ना गाडी काढायला गेली; आई अजून वेंडेलपाशीच होती. तिचे भाऊ, आर्विल आणि डॉइल, नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. डॉइलने आर्विलची शिकारी कुत्री परस्पर शेजारच्या हॉबर्टला विकली होती. केंटकीच्या त्या डोंगरात बायको पळवणाऱ्याला एखादा माफ करील. कुत्री विकणाऱ्याला नाही. डोळे मिटायच्या आत दोघांचा आवाज एका रेकॉर्डवर ऐकायचा, एवढंच आईचं मागणं होतं. दोन तासांत सोडते, अशी शपथ घेऊन वर्नाने दोघांना कबूल केलं होतं. आर्विल तर त्यासाठी मिशिगनहून आला होता आणि संध्याकाळी परतणार होता.

शनिवारी दोघे माइकसमोर उभे राहिले, डॉइल मँडोलिन घेऊन. एकाची नजर छताकडे, दुसऱ्याची जमिनीकडे. गाणं झालं. चांगलं झालं.

काचेपलीकडून वेंडेलने हात वर केला. "पुन्हा. खुर्ची करकरली."

"खुर्चीवर कुणी बसलंच नाहीये," आर्विल भिंतीला म्हणाला.

"पुन्हा. कुणाचा तरी श्वास ऐकू आला."

"पुन्हा. बाहेरून ट्रक गेला."

दुपार झाली. डॉइलचं डोकं तापलं. "वर्ना, तुझ्या भावाला सांग, त्याचा बूट वाजतोय."

"वर्ना, तुझ्या भावाला सांग, बूट माझा आहे. विकू नकोस म्हणावं."

डॉइलने मँडोलिन पेटीत टाकलं आणि झाकण आपटलं. वर्ना दार अडवून उभी राहिली. कोपऱ्यात आई सॉसेज घातलेलं पावासारखं बिस्किट खात बसली होती.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "तो लहानपणापासून आर्विलच्या आधी दमतो."

डॉइलने पेटी पुन्हा उघडली.

आणखी दोनदा गाणं झालं. वेंडेलचा हात वर. "पुन्हा. सूर पडला."

"कुणाचा पडला रे?" आर्विल गरजला.

"मँडोलिनवाल्याचा."

"ह्याचा? अरे, हा झोपेत घोरतो तेसुद्धा सुरात! कुत्री विकेल, सूर नाही सोडणार!"

वर्नाने डोळे मिटून घेतले.

"खरं बोलतोय तो," डॉइल म्हणाला. "कान तपासून घे, वेंडेल."

दोघे काचेवर धावून गेले. वेंडेलने आतून कडी लावली. मग दोघे तिथेच धापा टाकत उभे राहिले.

"मी त्या कुत्रीला परत आणायला गेलो होतो," डॉइल हळूच म्हणाला. "हॉबर्टने बंदूक रोखली माझ्यावर."

"मग मला सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तू बोलत कुठे होतास?"

आर्विल एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग दोघांनी मिळून वेंडेलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बाहेर ऊन उतरलं होतं. आर्विलला निघायचं होतं. दिवस संपला आणि हातात एक ओळ नाही! वर्नाचा धीर सुटला. तिने काचेवर थाप मारली.

"वेंडेल, सकाळपासूनचं एखादं तरी ठेव रे! खुर्ची करकरू दे, ट्रक जाऊ दे, आम्हाला चालेल!"

वेंडेलने मान खाली घातली. मग चोरट्या नजरेने कोपऱ्याकडे पाहिलं.

ओला मेने मांडीवरचा चुरा झटकला.

"हं, वेंडेल," ती म्हणाली, "आता चालू कर बाबा तुझं ते मशीन."