एक सप्टेंबरचं आमंत्रण

"काय मारणार?" काउंटरमागच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"डव्ह," प्रसाद म्हणाला. मग यामिनीकडे वळून, "होले गं. आपल्याकडचे होले."

म्हाताऱ्याने भिंतीवरून एक कोरी पंप शॉटगन काढून समोर ठेवली. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. होल्यांसाठी एका वेळी तीनच काडतुसं, असा कायदा. प्रसादने मूठ ओढून पाहिली. खडाक, खडाक. शेजारी मासेमारीचे गळ बघणारे दोघे दचकले.

"घरात झुरळ निघालं की मला हाक मारतोस," यामिनी म्हणाली.

"झुरळ मारून ग्रीन कार्ड मिळत नाही."

"व्हिसावर आहेस?" म्हाताऱ्याने विचारलं. "मग आधी शिकारीचं लायसन्स दाखव."

प्रसादने दाखवलं. त्यासाठी त्याने प्लेनोतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात बसून कोर्स केला होता आणि वर्गात दुसरा आला होता. पहिली आलेली मुलगी अकरा वर्षांची होती.

हे सगळं सुरू झालं होतं तीन आठवड्यांपूर्वी, ऑफिसच्या प्रिंटरपाशी. तिथे विक्रमचा कागद पडला होता. मॅनेजरची, म्हणजे कर्टिसची, ईमेल. 'शनिवार, एक सप्टेंबर, सकाळी साडेसहा, माझं रँच. हे आपल्या दोघांतच राहू दे.'

प्रसाद या टीममध्ये मार्चमध्येच आला होता. पण कर्टिसच्या केबिनमधले फोटो त्याने पाहिले होते. दर एक सप्टेंबरला, शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, रँचवर कर्टिस, हातात होले आणि शेजारी टीममधला एक जण. त्यातला एक आता डेन्व्हरला होता, एक सिॲटलला. शिकारीला जाणारा माणूस वर जातो, हे कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती.

आणि प्रसादच्या सहा वर्षांच्या व्हिसाचं पाचवं वर्ष संपत आलं होतं. या वर्षी कर्टिस ग्रीन कार्डसाठी एकच नाव पुढे पाठवणार होता. प्रसाद किंवा विक्रम. ज्याचं जाणार नाही, त्याने बॅगा भरायच्या.

विक्रम नागपूरपासूनचा. हॉस्टेलवर एका खोलीत, इथे आल्यावर वर्षभर एका गादीवर आळीपाळीने. त्याला गाडी शिकवली प्रसादने, स्वतःच्या गाडीवर. उजवा दरवाजा तेव्हापासून उघडत नव्हता.

"लेबर डेच्या वीकेंडला काय करतोयस?" प्रसादने लंचला सहज विचारलं.

विक्रमने डब्यातली भेंडी चिवडली. "काही नाही यार. घरीच. नेत्राला सातवा लागलाय."

तोंडावर खोटं. डोळ्याला डोळा न भिडवता. प्रसादने त्या दिवशी लोणचं पुढे केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कर्टिसकडे गेला. "एक सप्टेंबरचं मला कळलंय," तो म्हणाला.

कर्टिसने उठून दार लावून घेतलं. "विक्रमने सांगितलं?"

"नाही. पण त्याला नेऊ नकोस. तो फार हळवा आहे, त्यात बायको गरोदर. त्याला नाही झेपणार. त्याच्याऐवजी मला ने."

हा हळवा माणूस सावजी मटणावरची तर्री वाटीने पीत असे, पण ते कर्टिसला सांगायची गरज नव्हती.

"तू? स्वतःहून?"

"शंभर टक्के."

"बायकोशी बोललास?"

"तिचा पाठिंबा आहे."

कर्टिसने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग लॉट होता. हल्ली तिथे अगदी दारापाशी जागा मिळायची.

"वीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नाही," तो म्हणाला आणि त्याने प्रसादचा हात दोन्ही हातांत धरला. तो हात सुटायच्या आत प्रसादने नवी बंदूक घ्यायचं ठरवलं होतं.

ती घेऊन दोघं घरी पोचले, तर दारात विक्रम उभा. डोळे लाल.

"कर्टिसने सांगितलं मला. का केलंस रे असं?"

"तू काय केलं असतंस?"

"माझ्याच्याने नसतं झालं."

"तोच तर फरक आहे आपल्यात."

विक्रमने त्याला मिठी मारली. बंदुकीचा खोका मध्ये आल्यामुळे ती नीट बसली नाही. जाताना तो नेत्राने केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा ठेवून गेला.

"बघितलंस?" प्रसाद म्हणाला. "चोरी पकडली की पुरणपोळी."

"लपवलंन त्याने, हे वाईटच," यामिनी म्हणाली. "पोळ्या मात्र मऊ झाल्यात."

एक सप्टेंबरला सूर्यफुलांच्या शेताच्या कडेला दोन स्टुलं मांडली होती. उजाडताच होले आले. प्रसादने सतरा काडतुसं उडवली आणि एक होला पाडला. तोही बहुधा त्याच्या मनानेच खाली आला. कर्टिसने पाठ थोपटली, फोटो काढला. प्रसादने पुन्हा तीन काडतुसं भरली.

"बघू तुझी नवी बंदूक," कर्टिस म्हणाला.

प्रसादने अभिमानाने दिली. कर्टिसने तीनदा मूठ ओढली, खाली पडलेली तिन्ही काडतुसं वेचली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. मग बंदूक ट्रकमध्ये ठेवून तो परत आला आणि प्रसादच्या शेजारी बसला.

"ऑफिसच्या चार भिंतींत मी हे कधीच कुणाला सांगत नाही," तो म्हणाला. "दर वर्षी इथेच, मोकळ्यावर, माणसासारखं. या वेळी नोकरीवरून कमी करायला एकच नाव मागितलं होतं, मी विक्रमचं दिलं होतं, आणि प्रसाद, देवाशपथ, त्याच्या जागी आपणहून आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय."