खोटारडा दिवा

"माझ्या ट्रकला दिवा? तीस वर्षं मी कानावर गाडी चालवली आहे. डिझेल कमी पडलं की इंजिनाचा सूर बदलतो. मला तो झोपेतही कळतो!" बाप केबिनच्या दाराशी उभा राहून गरजला.

मुलगा दातात चिकटपट्टी धरून डॅशबोर्डखाली वायर जोडत होता. "मग वर्षात इंजिनाचे दोन पंप कसे गेले?"

"तुझ्या भंगार फिल्टरमुळे!"

"बरं. डिझेलचं प्रेशर उतरलं की हा दिवा लाल होईल. खोटा ठरला तर मी स्वतः उपटून फेकतो. खरा ठरला, तर बाबा, चाव्या माझ्याकडे द्यायच्या."

"अजून शेंबूड पुसता येत नाही आणि मला शिकवतोय! कर चालू."

मुलाने इंजिन सुरू केलं, खाली उतरला आणि बापाच्या पाठीमागून जाऊन डिझेलच्या टाकीचा कॉक बंद केला. बाप हाताची घडी घालून दिव्याकडे रोखून बघत राहिला. काही वेळाने दिवा लाल झाला.

बापाने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि जोरात टाळी वाजवली. "बघ! बसवला नाही तोच खोटं बोलायला लागला. अगदी तुझ्यावर गेलाय!" चालत्या इंजिनाच्या वर आवाज काढावा तसा तो ओरडत होता. "ऐक, कान उघडे ठेवून ऐक! इंजिन कसं एका सुरात चाललंय! उपट आधी तो दिवा!"

मुलगा जागचा हलला नाही. इंजिन बंद पडून मिनिट झालं होतं.