चाखणाऱ्याचं तोंड

चहा चाखायच्या खोलीत बर्फ चघळत उभं राहायचं, ही थेरं या घरातल्या एकाही पुरुषानं केली नव्हती. आईच्या सासऱ्यांनी नाही, नवऱ्यानं नाही. थोरला मुलगा मात्र खिडकीशी उभा राहून बर्फाचा खडा या गालातून त्या गालात फिरवत होता, आणि दारात मुकादम पोती शिवायचा दाभण हातात धरून खोळंबला होता.

"तोंड आलंय?" आईनं विचारलं.

"थोडंसं."

"आ कर."

केस पिकायला लागलेल्या माणसानं आईसमोर आ केला. जिभेचं टोक लालभडक, कडेला पांढरा फोड. आतून असा भपकारा आला की आईनं मान मागं घेतली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं अत्तराचा थेंब अंगाला लागू दिला नव्हता. अंगाचा साबणसुद्धा बिनवासाचा. चाखणाऱ्याच्या घरात वास चालत नाही, एवढं एकच कारण. आणि हा गिऱ्हाइकांबरोबर बसून सिगार फुंकतो.

"आई, दोष सिगारचा नाही, माझा आहे," थोरला म्हणाला. "तो सावकाश ओढायचा असतो. भराभर ओढला की तापतो, मग जीभ भाजते. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात नुसता खेळवायचा. मध्ये पाण्याचा घोट घ्यायचा. आणि शेवटचा दोन बोटं तुकडा टाकूनच द्यायचा, सगळा कडवटपणा तिथं साठतो."

"एवढं सगळं पाळलंस आणि तोंड आलं."

"काल नाही पाळलं. बोलण्याच्या नादात विझला, तोच परत पेटवला. परत पेटवला की झोंबतो."

"आणि परवा?"

थोरल्यानं बर्फ कडाकडा चावला.

"विस्तवात हात घालायचा, आणि वर आम्हाला शिकवायचं, बोटं जरा आखडून धरली की भाजत नाही."

"गिऱ्हाइकांबरोबर बसावं लागतं, आई."

"गिऱ्हाईक चहाचं आहे. चहा पाजायचा."

मुकादम खाकरला. "बाई, पोती शिवू का? गाडी उभी आहे. हे मालक म्हणतात, मिश्रणात अजून कडक पान घाला. काल घातलं, परवा घातलं. आता त्यात कोवळं पान शोधावं लागतंय."

"फिकं लागतंय ते," थोरला म्हणाला. "मी चाखलंय."

या घराचा सगळा डोलारा चहाच्या त्या एका मिश्रणावर उभा होता. पाकिटाचा रंग बदलला, दुकानं बदलली, चव नाही बदलली. गाडी भरून गेली की बदलणार होती, आणि चव गेलेलं गिऱ्हाईक भांडायलासुद्धा परत येत नाही.

पलीकडे शेगडीशी सून, थोरल्याची बायको, चाखायचे पेले मांडत होती. रोजचं काम तिचं. आई तिच्याजवळ गेली. मिश्रणाचा डबा तिनं बाजूला सारला आणि शेवटच्या डब्यावर बोट ठेवलं. सुनेनं एकदा वर पाहिलं, पान घातलं, आधणाचं पाणी ओतलं, झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा पेल्यात डांबर दिसत होतं.

"चाख."

थोरल्यानं चमचा भरला, भुरका मारला. फोडाला गरम लागलं तसा डोळ्याखालचा भाग थरथरला. तरी त्यानं घोट तोंडात फिरवला, पिकदाणीत टाकला, आणि बाप मिटायचा तसे डोळे मिटले.

"हां. आता जमलं. मुकादम, हेच भरा."

मुकादम जागचा हलला नाही. पेल्यातला रंग त्याला दारातून दिसत होता.

"त्यात मिश्रण नाही," आई म्हणाली. "निव्वळ कडक पान आहे. आपण चिमूटभर घालतो ते."

थोरल्यानं पुन्हा चमचा बुडवला. पुन्हा. तिसऱ्यांदा तर थुंकायचंही विसरला, गिळूनच टाकला. मग मिश्रणाचा डबा ओढून घेतला, चिमूट जिभेवर टाकली, चावली, बायकोकडे पाहिलं. ती फडक्यानं पेले पुसत होती. कोरडे पेले पुसत होती.

"जळजळ कळते," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "चव जरा... फोड बसला की येईल. आठवडाभर मी मुकादमाला विचारून करतो."

"मला नका विचारू, मालक," मुकादम म्हणाला. "मी वजनकाट्याचा माणूस, चवीचा नाही."

"येईल गं, आई. आता जाड सिगार घेतो. जाडाचा धूर थंड येतो, जिभेला त्रास होत नाही. लोक वर्षानुवर्षं ओढतात."

आईनं हात पुढं केला. थोरला क्षणभर समजलाच नाही. मग त्यानं चमचा तिच्या तळहातावर ठेवला. हातातलं खेळणं काढून घेतल्यावर पोर बघतं तसा बघत राहिला.

"मुकादम, भरलेली पोती रिकामी करा. गाडीवाल्याला सांगा, आज माल नाही."

"बाई, गिऱ्हाईक ओरडेल."

"ओरडू दे. ओरडतंय तोवर आपलं आहे."

मुकादम गेला. आईनं चमचा आधणात बुडवून काढला आणि सुनेसमोर धरला. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. चमचा घेतला.

मग आई थोरल्याकडे वळली.

"आज कुठला फुंकून आलास ते तुझ्या बायकोला तू जिन्यात असतानाच कळतं. तिचं नाक शाबूत आहे. चमचा तिच्याकडे राहील. तू मुकादमाबरोबर पोती शिवायला बस. त्या कामाला जीभ लागत नाही."