बोलून दमलेली

"तुमची शर्वाणी घरी तरी बोलते ना?" बाईंनी विचारलं. हॅम्बुर्गच्या त्या बालवाडीत, दोन वर्षांच्या धाकट्याला मांडीवर घेऊन, मी पोरांच्या बुटक्या खुर्चीवर कशीबशी टेकले होते.

"कसली बोलतेय! दिवसभर इथे बोलून दमते, घरी आली की गप्प."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "इथे? चार महिन्यांत ती एक शब्दही बोललेली नाही. आम्हाला वाटलं, घरी बोलत असेल."

कोल्हापुरात या पोरीची टकळी झोपेतसुद्धा चालायची. इथे आल्यावर शहाणपणा मीच केला. जर्मन लवकर यायला हवं, म्हणून घरातही मराठी बंद. चुकून मराठी शब्द निघाला की मी तिच्या ओठांवर बोट ठेवायचे.

शर्वाणीला बाहेर आणून मी तिच्यापुढे फुटपाथवरच बसले. "बोल गं राणी. मराठीत बोल. काहीही बोल. आई रागावणार नाही."

तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

बाबागाडीतला धाकटा टक लावून बघत होता. तो अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. त्यानेही आपलं इवलंसं बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.